डावीकडे फिरलेलं दुकान

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार मान सरळ ठेवून केलेला आहे, हे मुद्दाम नोंदवतो. सहा महिन्यांपूर्वी केला असता तर तो तुला न पोचता शेजारच्या कपाटाला पोचला असता. का, ते पुढे येईल.) तुझी तब्येत बरी असेल, वहिनींचा गुडघा जिना चढताना फार कुरकुरत नसेल आणि गॅलरीतल्या कुंड्यांना कुणीतरी वेळेवर पाणी घालत असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही खुशाल. ही खुशाल आहे, दोन्ही शिलाई मशिनी खुशाल आहेत, काज-बटणवाल्या मावशीही खुशाल आहेत, फक्त कुणी तसं विचारलं की त्या रागावतात.

पत्र कशाला, फोन नव्हता का, असं तू म्हणशील. फोनवर आपण दोघं गेली दोन वर्षं ‘बरं आहे ना’ आणि ‘बरं आहे’ यांच्या पुढे सरकलेलो नाही. मग तू फोन वहिनींकडे देतोस, मी हिच्याकडे देतो, आणि खरं बोलणं त्या दोघीच करतात. त्या बोलण्यातून मला कळलं की तू घड्याळं दुरुस्त करणं बंद केलंस, आणि या महिनाअखेरीला हत्यारांची पेटी तंत्रशाळेला देऊन टाकणार आहेस. ‘नजर गेली’ म्हणतोस म्हणे. चार चष्मे झाले, चारही चष्मेवाल्यांनी नजर ठणठणीत आहे असं सांगितलं, तरी नजर गेली. त्या पेटीला मी लहानपणी हात लावला म्हणून तू माझा कान पिळला होतास, तो कान अजून ती पेटी ओळखतो. म्हणून म्हणतो, पेटी द्यायच्या आधी माझं एक काम करून दे. दुकानातलं लंबकाचं घड्याळ बंद पडलंय. तूच दिलेलं, नव्या दुकानाच्या उद्घाटनाला. इथला एकही दुरुस्तीवाला त्याला हात लावायला धजत नाही. तेव्हा पेटी घेऊन ये.

(उद्घाटनाच्या दिवशी जे घडलं त्याबद्दल मी या पत्रात अवाक्षर काढणार नाही. मी भाषणाला उभा राहिलो, बावीस मिनिटं बोललो, त्यातली नऊ मिनिटं तुझ्याबद्दल होती, आणि नेमकी तीच नऊ मिनिटं तू पहिल्या रांगेत बसून डोळे मिटून घेतलेस, हे मी आता उगाळत बसणार नाही. तू नंतर ‘अरे, मी ऐकत होतो’ म्हणालास, आणि मी ‘हो, घोरणं इथवर येत होतं’ असं चारचौघांत म्हणालो, तेही जाऊ दे. तू घोरत नव्हतास. घोरणं मी पदरचं घातलं.)

तर घड्याळ बंद का पडलं. त्याचं मूळ माझ्या मानेत आहे. आपलं ते जे काही झालं त्यानंतर दोनेक महिन्यांनी माझी मान डावीकडे जायला लागली. आधी फक्त कापड बेतताना. मी खडूने रेघ मारतोय उजवीकडे, आणि मान आपली सावकाश डावीकडे निघालीय, जणू तिकडे कुणी ओळखीचं दिसलंय. मावशींचं निदान तयार होतं: सख्ख्या भावाकडे पाठ फिरवली की असं होतं. हिचं निदान उशी. त्यामुळे आमच्याकडे उशांचा एक काळ येऊन गेला. पहिली उशी कापसाची आणि उंच, दुसरी कापसाचीच पण बसकी, तिसरी मधे खड्डा असलेली (त्या खड्ड्यात डोकं बसतं, पण मग खड्ड्यासकट डावीकडे जातं), चौथ्या वेळी उशीच नाही, आणि पाचव्या वेळी मी कोटाच्या अस्तराची गुंडाळी करून घेतली, ती एका गिऱ्हाइकाच्या कोटाची निघाली. गंमत म्हणजे झोपेत मान अगदी गुणी बाळासारखी सरळ असायची. डोळा उघडून कामाला लागलो की हिचे चाळे सुरू.

गिऱ्हाइकांत गैरसमज फार झाले. उजवीकडे उभा असलेला माणूस समजायचा की याला माझ्याशी बोलायचं नाही. डावीकडे उभा असलेला समजायचा की हा माझ्याकडे टक लावून का बघतोय. एक वकील कमरेचं माप द्यायला उभे राहिले आणि मी टेप लावताच मान वळवली. त्यांना वाटलं आकडा मला बघवला नाही. ते परत आले नाहीत. पुढे मान नुसती वळून थांबेना, ती दुखायला लागली आणि मधून मधून नाही-नाही अशी हलायलाही लागली. गिऱ्हाईक विचारायचं, शनिवारी मिळेल ना, मी तोंडाने म्हणायचो, नक्की, आणि मान म्हणायची, नाही. गिऱ्हाइकांनी मानेवर विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर दर वेळी मानेचंच खरं ठरलं.

अशात मला एक शोध लागला. हनुवटीला नुसतं बोट लावलं, ढकलायचं नाही, फक्त टेकवायचं, की मान सरळ. बोट काढलं की पुन्हा डावीकडे. पण शिंप्याला कापताना तिसरा हात नसतो; उजव्यात कात्री, डाव्याने कापड धरायचं, मग हनुवटीला काय लावणार? हा प्रश्न मावशींनी सोडवला. जुन्या टोपीला एक पट्टी शिवली, पट्टीच्या टोकाला कोटाचं मोठं बटण, आणि ते बटण बरोबर हनुवटीच्या कडेला टेकेल असं बेतलं. दोन आठवडे मी तसा वावरलो. काम झकास झालं, पण शाळेच्या गणवेशाची मापं द्यायला आलेली मुलं रडायची.

मग मी ठरवलं की मान परत वळत नसेल तर दुकान वळवावं. (हसू नकोस. तेव्हा हा विचार मला फार शहाणपणाचा वाटला होता.) मान जेवढी डावीकडे जाते तेवढं बेतायचं टेबल डावीकडे फिरवलं, म्हणजे ती जिथे जाईल तिथे काम हजर. टेबल फिरल्यावर खिडकीचा उजेड पाठीमागून यायला लागला आणि कापडावर माझीच सावली पडायला लागली, म्हणून दिवा हलवला. दिव्याची चमक आरशात यायला लागली, म्हणून आरसा हलवला. आरसा हलल्यावर गिऱ्हाइकाला उभं करायची जागा दारात आली, म्हणून दारातलं बाकडं हलवलं. बाकडं घड्याळाखाली आलं आणि उंच माणसाचं डोकं लंबकाच्या पेटीला लागायला लागलं, म्हणून घड्याळही डावीकडच्या भिंतीवर गेलं. पाच दिवस मी आणि मावशी सामान ओढत होतो. शेवटी सगळं जागेवर बसलं, मी समाधानाने टेबलापाशी उभा राहिलो, आणि मान आणखी थोडी डावीकडे गेली.

तेव्हा हिने मला हाताला धरून मेंदू आणि नसांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बारीक अंगाच्या, चौकस बाई आहेत. यंत्रं नाहीत, फोटो नाहीत, नुसतं बघत बसल्या. चाला, बोला, सही करा, डोळे घट्ट मिटून उघडा, एखादं गाणं म्हणा. (मी म्हटलं. त्यांनी लगेच थांबवलं.) मग मी भीत भीत टोपी आणि बटण दाखवलं, तर बाईंचा चेहरा असा खुलला की मावशींना बक्षीस द्यायला हवं होतं. असं बोट टेकवून मान सरळ होणं हीच म्हणे ओळखायची मोठी खूण. या दुखण्याचं नाव डिस्टोनिया. स्नायूंना कुणी न बोलावता ते आकसतात, कारण मेंदूतून निघालेला हुकूमच जरा चुकीचा बेतलेला असतो. वेड नाही, ढोंग नाही, उशी नाही, भावाचा शापही नाही. (हे मावशींना सांगितलं. त्यांनी अजून मान्य केलेलं नाही.)

आता तुला माझा स्वभाव माहीत आहे. एक गोष्ट कळली की तिच्या शेजारची कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी खिशातून मापांची वही काढली आणि विचारलं की हे मानेतच होतं की आणखी कुठे? बाई म्हणाल्या की मोठेपणी सुरू होणारा डिस्टोनिया बहुतेक एकाच जागी बसतो, पण जागा माणसागणिक वेगळी. मी लगेच पानावर रकाने पाडले, नेहमी कॉलर, बाही, छाती असे पाडतो तसे: मान, हात, आवाज, पापण्या. मानेचा बहुतेक चाळिशी-पन्नाशीत येतो, दुखतो, डोकं हलवतो. हाताचा त्याहून लवकर येतो, फारसा दुखत नाही, आणि त्याचं एकाच कामाशी वैर असतं. आवाजाचा नुसत्या बोलण्यावर रागावतो. पापण्यांचा सगळ्यांत उशिरा, पन्नाशी-साठीनंतर, बायकांत जास्त पण पुरुषांत नाही असं नाही, आणि मानेपेक्षा तो शेजारी, जबड्याकडे वगैरे, पसरायची शक्यता जरा जास्त. म्हणजे कापड एकाच ताग्यातलं, पण एकाचा सदरा, दुसऱ्याची विजार. शेवटी त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? मी छाती पुढे काढून सांगितलं, आमच्या घराण्यात कुणाची मान वाकडी नाही. बाईंनी कागदावर ‘नाही’ लिहिलं.

पुढच्या गुरुवारी आकसलेले स्नायू सैल करणाऱ्या औषधाच्या सुया टोचायला बोलावलं. या दुखण्याचे सगळे लोक गुरुवारीच येतात, दर तीन महिन्यांनी, कारण सुईचा गुण तेवढेच दिवस टिकतो. बाहेरच्या बाकांवर माझ्या वहीतले रकाने जिवंत बसले होते. एक नकाशावर नावं लिहिणारे गृहस्थ, बोटांनी लेखणी धरली की मनगट आत वळतं आणि लेखणी कागद फाडते. पण तोच हात सुरीने सफरचंद इतकं पातळ सोलत होता की साल एका तुकड्यात निघाली. एक स्टेशनवर गाड्यांची घोषणा करणारे, बोलायला लागले की गळा आवळल्यासारखे शब्द तुटतात. कुजबुजले की साफ, आणि गायले की त्याहून साफ. (त्यांनी मला फलाट क्रमांक तीन गाऊन दाखवला. ऐकून एका आजींनी पिशवी उचलली.) आणि माझ्या शेजारी भूगोल शिकवणाऱ्या एक बाई, काळा चष्मा लावलेल्या. अखंड बोलत होत्या. मला वाटलं, काय बडबडी बाई आहे. जरा उसंत मिळताच मी माझी हकीकत सुरू केली, आणि त्या गप्प होऊन ऐकायला लागल्या. मी दुसऱ्या उशीवरून तिसऱ्या उशीवर येतोय तोवर चष्म्याआड बघतो तर बाईंचे डोळे मिटलेले. घट्ट.

दादा, मला जो राग आला तो माझ्या चांगल्या ओळखीचा होता. मी बोलणं तोडलं आणि उठून दुसऱ्या बाकाकडे निघालो. तेवढ्यात बाई मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, “तिसरी उशी. मधे खड्डा असलेली. पुढे काय झालं?”

मी होतो तिथे खाली बसलो. त्यांनी मग सांगितलं की पापण्या त्यांचं ऐकत नाहीत. सुरुवातीला नुसती उघडझाप वाढली, डोळ्यांत काही गेल्यासारखं वाटायचं, ऊन सोसायचं नाही. त्यांनीही चष्मे बदलले. मग पापण्या मिटायला लागल्या आणि उघडता उघडेनात. नजर शाबूत, पण दारं लागलेली. स्वतः बोलत असल्या की पापण्या उघड्या राहतात, म्हणून ती अखंड बडबड. ऐकायला बसल्या की मिटतात, आणि ज्याचं बोलणं मन लावून ऐकावं तोच दुखावतो. रस्ता ओलांडताना त्या मोठ्याने नद्यांची नावं म्हणतात. त्यांच्या शाळेत दोन वर्षं सगळ्यांना वाटत होतं की बाई वर्गात झोपतात. त्या दिवशी सुया मानेत टोचल्या, पण मला त्या लागल्या नाहीत. मी दुसरीकडेच होतो.

सात दिवस काही झालं नाही. दहाव्या दिवशी सकाळी मान सरळ. अगदी रूळ लावून आखल्यासारखी नाही, पण शंभरातली ऐंशी तरी. मी आनंदाने दुकानात गेलो, टेबलापाशी उभा राहिलो, समोर पाहिलं, तर समोर कोरी भिंत. दुकान सगळं डावीकडे. गोंधळात मी एका कोटाच्या दोन्ही बाह्या उजव्या कापल्या. (गिऱ्हाईक भला माणूस. विचारत होता, आता अशीच फॅशन आहे का?) म्हणून पुन्हा पाच दिवस सामान ओढलं, बाकडं, आरसा, दिवा, टेबल, आणि शेवटी घड्याळ जुन्या भिंतीवर. त्या ओढाताणीत ते बंद पडलं. तेव्हापासून दुकानात वेळ कळत नाही आणि मावशी स्वतःच्या मर्जीने घरी जातात. येत्या बुधवारी संध्याकाळी ये, म्हणजे गुरुवारी सकाळी निवांत घड्याळ बघशील. पेटीसकट ये.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तुझा होता आणि आहे, हे मला ठाऊक आहे. माझाही होताच, तो मधली दोन वर्षं भलतीकडे बघत होता.

तुझा धाकटा

ता. क. वहिनी, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवताय हे मी जाणतो, कारण दादाच्या पापण्या दोन ओळींपुढे त्याला वाचू देत नाहीत, असं तुम्ही हिला सांगितलंत. इथून पुढचं मनातल्या मनात वाचा. घड्याळ बंद नाही. मी लंबक काढून तो कापडाच्या गठ्ठ्यांमागे ठेवलाय. इथे तीन दुरुस्तीवाले आहेत आणि त्यांतल्या एकालाही मी विचारलेलं नाही. गुरुवारी अकरा वाजता दादाच्या नावाने डॉक्टरबाईंची वेळ घेतली आहे. मी त्यांना म्हटलं, मागच्या खेपेला माझं एक उत्तर चुकलं. मग तुम्ही जे जे सांगितलंत ते सगळं सांगितलं. गॅलरीत ऊन आलं की तो आत जातो, खांबाला धडकतो, दुरुस्तीच्या बाकावर काम करताना गुणगुणायचा आणि रस्ता ओलांडताना अजून गुणगुणतो. (तुम्हाला वाटतं तो मजेत आहे. वहिनी, तो रस्ता बघायला गातोय.) बाई म्हणाल्या, पाहिल्याशिवाय मी निदान करत नाही, आणि सुईने सगळ्यांना सारखा गुण येतो असंही नाही; पण एकाच घरात एकाला मानेत आणि दुसऱ्याला पापण्यांत, असं त्यांनी पाहिलंय. कागदावरचं ‘नाही’ त्यांनी खोडलं आणि तिथे प्रश्नचिन्ह काढलं. त्याला आधी डॉक्टर म्हणालात तर तो घराबाहेर पडणार नाही. घड्याळ म्हणा.

आणखी एक ता. क. दादा, वहिनी वर मधेच गप्प झाल्या असतील, तू ‘पुढे वाच’ म्हणाला असशील, आणि त्यांनी सगळं वाचलं असेल. संसारात त्यांनी तुझ्यापासून काही लपवलेलं मला आठवत नाही, तरी मी प्रयत्न करून पाहिला. तर आता सरळच लिहितो. मी चुकलो. वहिनींनी हिला आणखी एक सांगितलं: तू माझं ते भाषण अजूनही अख्खं म्हणून दाखवतोस, अकराव्या मिनिटाला मी अडखळलो तिथे अडखळून. मला स्वतःला त्यातलं एक वाक्य आठवत नाही. पहिल्या रांगेत डोळे उघडे ठेवून बसलेल्या कुणालाही आठवत नाही. मी त्या दिवशी बावीस मिनिटं एकट्या तुझ्यासाठी बोललो होतो आणि तू एकट्यानेच ती ऐकलीस, आणि मी तुला चारचौघांत घोरायला लावलं. पेटी कुणाला देऊ नकोस. निदान गुरुवारपर्यंत.

शेवटचा ता. क. खोटं बोलून तुला बोलवायचं मनाला पटेना, म्हणून हे पत्र पाकिटात घालायच्या आधी मी लंबक परत बसवला. आता घड्याळ खरोखरच बिघडलंय: चार ठोके टिकटिकतं आणि थांबतं. मावशींसमोर दोन वेळा करून पाहिलं. आतला एक अगदी बारीक स्क्रू माझ्या तळहातावर आहे आणि तो कुठला, हे मला दिसत नाही. तुला दिसेल. ये.